कोळसा, चंदन आणि एक बेदाणा

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण आपण एखाद्या माणसाबद्दल किंवा किळसवाण्या प्रकरणाबद्दल वापरतो. मनाच्या एका दुखण्याचं इतकं नेमकं वर्णन तिच्यात दडलेलं आहे, हे मला फार उशिरा उमगलं. ‘दुःख उगाळत बसू नकोस’ असं आपण सहज म्हणतो. दुःख होणं वेगळं आणि दुःख उगाळणं वेगळं, हा भेद मराठीनं कुठल्याही मानसशास्त्रज्ञाची वाट न पाहता केव्हाच करून ठेवला आहे. म्हातारपणी येणारं नैराश्य आणि त्यावर सजगतेच्या मार्गानं होणारा उपचार समजून घ्यायचा असेल, तर हा एवढा भेद घट्ट धरून चालायला हवं.

समजा, बहात्तर वर्षांच्या एक आजी आहेत. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा नोकरीसाठी परगावी. दर रविवारी त्याचा फोन येतो, या रविवारी आला नाही. सोमवारी पहाटे तीनला आजींना जाग येते. घरात अंधार, घड्याळाची टिकटिक. पहिला विचार येतो, ‘काल फोन आला नाही.’ इथपर्यंत सगळं ठीक आहे, ही घडलेली गोष्ट आहे. मग पुढचा विचार, ‘हल्ली तो कामातच असतो.’ त्यापुढचा, ‘माझ्यासाठी कुणालाच वेळ नाही.’ मग, ‘जन्मभर सगळ्यांचं करत आले, मिळालं काय?’ मग, ‘मी आता नुसतं ओझं झालेय,’ आणि शेवटी, ‘हे असंच चालायचं.’ तोवर साडेचार वाजलेले असतात. एका न आलेल्या फोनपासून निघालेलं मन दीड तासात अख्ख्या आयुष्याचा निकाल देऊन मोकळं झालेलं असतं.

या साखळीतले शब्द पाहा. पहिल्या विचारात वार आहे, माणूस आहे, घटना आहे. नंतर येतात ते ‘कुणालाच’, ‘सगळ्यांचं’, ‘जन्मभर’, ‘असंच’. तपशील एकेक करून गळून पडतात आणि उरते ती काळी, गुळगुळीत, कशालाही लागू पडेल अशी पेस्ट. उगाळणं ते हेच.

सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या ताई विचारतात, “आजी, बरं नाही का वाटत?” आजी म्हणतात, “काही नाही गं, वय झालं.” आणि त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास असतो. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाहीत. करमत नाही म्हणतात, अन्न गोड लागत नाही म्हणतात, पाय ओढतात, छातीत धडधडतं, कशात जीव लागत नाही म्हणतात. डॉक्टर रक्तदाब बघतात, झोपेची गोळी देतात. देशभरात पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची जी मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, तिच्यात साठीपुढच्या साधारण दर बारा माणसांमागे एकात गंभीर नैराश्याची लक्षणं आढळली. ज्यांना डॉक्टरांनी तसं निदान करून सांगितलं होतं, त्यांचं प्रमाण मात्र शंभरात एकाहूनही कमी निघालं. या दोन आकड्यांमधली सगळी माणसं ‘वय झालं’ या दोन शब्दांमागे बसलेली आहेत. मला हे फार लागतं. वय झालं म्हणून केस पिकतात. वय झालं म्हणून जगणं नकोसं होत नाही, ते आजारानं होतं.

आता उपचाराकडे येऊ. १९६०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला एरन बेक या मानसोपचारतज्ज्ञानं विचारांवर बोट ठेवलं. नैराश्यात माणसाचे विचार वाकडे होतात. ते पकडावेत, त्यांना पुरावा विचारावा, असा त्याचा मार्ग. ‘कुणालाच वेळ नाही’ असं वाटतं ना? मग गेल्या महिन्यात किती रविवारी फोन आला, ते मोजा. या उपचाराचा म्हाताऱ्या माणसांनाही चांगला गुण येतो आणि आजींचा तो एक विचार या उलटतपासणीत टिकणार नाही.

पण म्हातारपणाची एक अडचण आहे. तिथले पुष्कळ दुःखी विचार खरे असतात. यजमान गेले, हे खरं आहे. गुडघे पूर्वीसारखे होणार नाहीत, हेही खरं. भिशीतल्या आठ जणींपैकी तिघी उरल्या. ज्या घरात लग्न होऊन आलो ते पाडून तिथे इमारत झाली. यातल्या कशाला पुरावा मागणार? आणि ‘चांगला विचार करा, मन रमवा’ असं सांगणाऱ्यांकडे आजी ज्या नजरेनं बघतात, ती नजर बरोबरच असते. त्यांना कळत असतं की समोरच्यानं त्यांचं दुःख नीट ऐकूनही घेतलेलं नाही.

सजगतेवर आधारलेला उपचार नेमका इथे उपयोगी पडतो. विचार खरा की खोटा, या वादात तो शिरतच नाही.

हा उपचार घडला त्याची हकिगत मला महत्त्वाची वाटते, कारण तो घडवणारे तिघे मुळात काही वेगळंच करायला निघाले होते. टोरांटोचे झिंडेल सीगल, वेल्समधल्या बँगरचे मार्क विल्यम्स आणि केंब्रिजचे जॉन टीसडेल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यापुढे प्रश्न होता तो नैराश्य पुन्हा उलटण्याचा. एकदा बरा झालेला माणूस पुन्हा का आजारी पडतो? आणि दरवेळी आधीपेक्षा कमी कारणानं का पडतो? त्यांना दिसलं ते असं: नैराश्याच्या काळात उदास मन आणि ते काळे विचार एकत्र बांधले जातात. माणूस बरा झाल्यावर ते गाठोडं माळ्यावर जातं, पण राहतं घरातच. पुढे केव्हातरी साधी उदासी आली, जी कुणालाही येते, की अख्खं गाठोडं खाली येतं. जितक्या वेळा आजार झाला तितकी गाठ पक्की. म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेला एक न आलेला फोनसुद्धा पुरतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बेकच्या उपचारानं जी माणसं बरी राहत होती, ती विचारांवर खटला जिंकून बरी राहत नसावीत. विचारांना पुरावा विचारता विचारता त्यांना एक सवय लागत होती: ‘हा एक विचार आहे’ असं थोडं मागे सरकून बघण्याची. मग तीच सवय सरळ का शिकवू नये? अशा शिकवणीचा शोध त्यांना मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी घेऊन गेला. तिथे जॉन कबॅट-झिन १९७९पासून जुनाट वेदनांच्या रुग्णांना आठ आठवड्यांचं सजगतेचं प्रशिक्षण देत होते. तिघांनी आपल्या उपचाराला सुरुवातीला नाव दिलं होतं ते लक्ष आवरण्याच्या प्रशिक्षणाचं. काम पुढे गेलं तसं त्यांना कळलं की नुसतं लक्ष दुसरीकडे वळवून भागत नाही. दुखऱ्या गोष्टीशी बसून राहायला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी शिकवणाऱ्यानंही रोज बसावं लागतं.

या बसण्याचं मूळ आपल्या भूमीत आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र अनेकांना ठाऊक असतं. पण मला त्या अभिमानापेक्षा एक शब्द जास्त बोलका वाटतो. ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द पाली ग्रंथांचे अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१मध्ये ज्या शब्दासाठी वापरला, तो शब्द आहे ‘सति’. संस्कृतात स्मृती. म्हणजे ज्याला आपण आज सजगता, वर्तमानात राहणं वगैरे म्हणतो, त्याचं मूळ नाव आठवण आहे. वर्तमानाकडे बघण्याला आठवण का म्हणावं? बराच काळ मला याचं उत्तर मिळत नव्हतं. ते मिळालं याच मार्क विल्यम्स यांच्या जुन्या कामात.

१९८६मध्ये विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं, आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या रुग्णांना एक साधी गोष्ट करायला सांगितली होती. एक शब्द द्यायचा, उदाहरणार्थ ‘आनंदी’, आणि त्यावरून एक ठरावीक प्रसंग आठवायला सांगायचा. इतर माणसं सांगत, अमक्या दिवशी अमुक झालं. या रुग्णांना ते जमेना. ते म्हणत, ‘मी फिरायला जायचो तेव्हा आनंदी असायचो.’ कुठला दिवस, कुठला रस्ता, बरोबर कोण, काही नाही. आठवणीचं कवच होतं, गर गेलेला होता. पुढे नैराश्याच्या रुग्णांत हीच खूण वारंवार आढळली. आणि २०००मध्ये दिसलं की सजगतेचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या आठवणींत ठरावीक प्रसंग पुन्हा येऊ लागतात.

मला या सगळ्या विषयाचं मर्म इथे सापडतं. उगाळणं म्हणजे फार आठवणं, असा आपला समज असतो. म्हातारी माणसं जुन्या गोष्टीत रमतात म्हणून दुःखी होतात, असंही आपण म्हणतो. ते खरं नाही. अमेरिकेतले रॉबर्ट बटलर यांनी १९६३मध्येच लिहून ठेवलं की उतारवयात गतायुष्याकडे वळून पाहणं हे बुद्धी ढासळल्याचं चिन्ह समजू नये, ते त्या वयाचं स्वाभाविक काम आहे. सहाणेवर कोळसाच उगाळतात असं थोडंच आहे? चंदनही उगाळतात. पहाटे तीनला आजी ‘जन्मभर करत आले’ म्हणतात, तेव्हा त्या जन्मातला एकही दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे नसतो. तो दिवस, म्हणजे यजमानांच्या बदलीच्या गावी पावसात गळणाऱ्या स्वयंपाकघरात पातेली मांडून दोघं हसत बसले होते तो दिवस, त्यांना आठवला तर त्या कदाचित रडतील. पण ते रडणं आजार नव्हे. आजार आठवण पुसतो आणि तिच्या जागी निकाल ठेवतो. ‘सति’ म्हणजे स्मृती, ते का, हे मला असं कळलं: समोर जे आहे ते त्याच्या तपशिलासकट ध्यानी धरणं, मग ते आत्ताचं असो की तेव्हाचं.

म्हणून या उपचाराचा पहिला दिवस एका बेदाण्यानं सुरू होतो.

आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दोन तास, बारा-एक माणसांचा गट. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवतात. तो बघायचा. सुरकुत्या, देठाची खूण, उजेड कुठून आरपार जातो ते. बोटांत फिरवायचा, कानाशी धरायचा, वास घ्यायचा. मग जिभेवर ठेवायचा, लगेच चावायचा नाही. एक बेदाणा खायला काही मिनिटं. ज्यांनी जन्मभर शिऱ्यात मूठभर बेदाणे टाकले त्यांना हे प्रथम पोरकट वाटतं, आणि वाटू द्यावं. त्यातून पुढे येणारी गोष्ट मोठी आहे. ‘बेदाणे’ नावाच्या मोघम गोष्टीतून ‘हा एक बेदाणा’ हाती येतो. ‘सगळंच’ आणि ‘कुणीच’ यांच्या उलट दिशेनं टाकलेलं ते पहिलं पाऊल.

पुढे हेच शरीराला लावतात. आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष न्यायचं. उतारवयात याला फार अर्थ आहे, कारण त्या वयात शरीराविषयीही निकाल लागलेला असतो: ‘सगळं अंग दुखतं.’ हळूहळू ध्यानात येतं की डावा गुडघा आतल्या बाजूनं ठणकतो, उजवा फक्त अवघडलाय आणि तळहात तर छान ऊबदार आहेत. वेदना जात नाही, पण तिला सीमा येते. अर्थात जमिनीवर झोपून उठणं ज्यांना कठीण, त्यांनी खुर्चीत बसावं. पाऊण तास जमत नसेल तर वीस मिनिटं. ऐकू कमी येत असेल तर सूचना मोठ्या अक्षरांत छापून द्याव्यात, चालण्याचा सराव काठी घेऊन करावा. शिकवणाऱ्याला हे फेरफार सुचत नसतील, तर म्हाताऱ्यांचा गट त्यानं घेऊच नये.

आणि मग श्वास. मन श्वासावर ठेवायचं, ते पळणार, पळालं हे कळलं की परत आणायचं. आमच्याकडची जुनी माणसं म्हणतील, हे काय नवीन, आम्ही माळ ओढतोच की. बरोबर आहे, आणि ज्यांचा नामजप खरा चालतो त्यांना हा सराव पटकन समजतो. पण माळ हातात आणि मन धाकट्या जावेच्या बोलण्यात, हेही घडतं. मन जावेकडे गेलं म्हणून इथे काही बिघडत नाही. ‘गेलं होतं’ हे ज्या क्षणी कळतं, तोच या सरावाचा सगळ्यात मोलाचा क्षण. पहाटे तीनला हाच क्षण कामी येणार असतो.

आठ आठवड्यांनी आजींची पहाट कशी असेल? जाग तीनलाच येईल. विचारही तोच येईल, ‘काल फोन आला नाही.’ दुसरा येईल, तिसरा येईल. आणि कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आजींना जाणवेल: उगाळणं सुरू झालं. तिथे त्या तीन मिनिटांचा एक छोटा सराव करतील. आधी मनात आत्ता काय आहे ते बघायचं, मग लक्ष श्वासावर गोळा करायचं, मग सगळ्या अंगावर पसरू द्यायचं. घशाशी आवंढा आहे, पोट आवळलंय, पावलं गार आहेत. ‘त्याची आठवण येते आहे’ एवढंच उरेल. ते दुःखच आहे. पण ‘मी ओझं आहे’ इथवर ते पोचलेलं नसेल, आणि सकाळी नऊला आजी स्वतःच फोन उचलून मुलाला विचारू शकतील, काय रे, विसरलास?

याचा गुण किती, तेही सांगायला हवं. २०००मध्ये १४५ माणसांवर झालेल्या पहिल्या चाचणीत, ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. सजगतेचा उपचार घेतलेल्यांत ३७ टक्क्यांचा. २००४मध्ये तशाच रुग्णांत ७८ विरुद्ध ३६. नंतर २०१६मध्ये नऊ चाचण्यांतल्या १२५८ जणांची माहिती एकत्र तपासली तेव्हा फरक सौम्य झाला, पण टिकला: ४९ विरुद्ध ३८. ज्यांना आधी दोनदाच नैराश्य आलं होतं, त्यांना मात्र पहिल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. त्याचं कारण मला फार शिकवून गेलं. त्यांचा आजार बहुधा एखाद्या मोठ्या आघातानंतर उलटत होता आणि आघातावर हा उपचार चालत नव्हता. तो चालत होता तिथे, जिथे बाहेर काही न घडता मन आपलं आपण उगाळायला बसत होतं. यजमान गेल्याचा शोक ध्यानानं जावा अशी अपेक्षा कुणी ठेवू नये, आणि तशी भलावण कुणी करू नये.

खास उतारवयातल्या माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. मॉन्ट्रियलमध्ये साठीपुढच्या सुमारे साठ जणांवर झालेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्य आणि चिंता दोन्ही कमी झाली. दुसरीकडे, अमेरिकेत ६५ ते ८४ वयाच्या ५८५ जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात सजगतेच्या सरावानं स्मरणशक्ती सुधारली नाही. तो निष्कर्ष २०२२मध्ये आला. म्हणजे चष्मा कुठे ठेवला ते यानं आठवू लागेल, असं नाही.

दोन गोष्टी निक्षून सांगतो. पहिली, आजार ऐन भरात असताना, जेवणखाण सुटलेलं असताना, मरणाचे विचार येत असताना आई-वडिलांना दहा दिवसांच्या मौनशिबिराला पाठवू नका. तिथली दिवसभराची बैठक आणि हा आठ आठवड्यांचा उपचार यांत मोठं अंतर आहे, आधी डॉक्टर. थायरॉइड, बी-१२, चालू असलेल्या गोळ्या, कमी झालेलं ऐकू येणं, विसराळूपणाची सुरुवात, हे सगळं तपासलं गेलं पाहिजे. चालू औषध स्वतःच्या मनानं थांबवायचं नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली ४२४ जणांच्या चाचणीत गोळ्या कमी करत हा उपचार घेणारे आणि गोळ्या चालू ठेवणारे जवळपास सारखेच टिकले, ४४ आणि ४७ टक्के उलटले, पण त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी झाल्या होत्या.

दुसरी, आजींचा प्रश्न फक्त आजींच्या मनात नसतो. गोव्यात साठीपुढच्या, उदासीची सौम्य लक्षणं असलेल्या १८१ जणांबरोबर एक प्रयोग झाला. तिथे साध्या, प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच कार्यकर्त्यांनी त्यांना रोजच्या अडचणी एकेक करून सोडवायला मदत केली, झोपेच्या सवयी नीट लावून दिल्या, मधुमेहासारख्या आजारांची काळजी घ्यायला शिकवलं, पेन्शनसारख्या सोयींपर्यंत पोचवलं. वर्षभरात नैराश्य जडलेल्यांचं प्रमाण १४.४ टक्क्यांऐवजी ४.४ टक्के राहिलं. त्यात ध्यान हा मुख्य भाग नव्हता. माणूस येत होता, आणि नेमकं विचारत होता.

तेवढं आपल्यालाही करता येईल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘बरं आहे’ एवढंच येतं. त्याऐवजी विचारा, पहाटे किती वाजता जाग आली? मग काय मनात आलं? काल भाजी कुठली होती, ती चवीला लागली का? बाबांची बदली झाली त्या गावातलं घर कसं होतं? उत्तरं दोन आठवड्यांहून जास्त ‘काहीच नको, कुणीच नाही’ अशीच येत राहिली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालते. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फोनशेजारी आजच चिकटवा.